काचबिंदूच्या लेसरनंतरचे स्टेरॉइड ड्रॉप: कोणती बाटली थांबवायची, कोणती कधीच नाही

डोळ्यांच्या ओपीडीत लेसर झालेल्या रुग्णांना ड्रॉप समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. रुग्ण महिन्याभराने तपासणीला आला की मी आधी त्याच्या पिशवीतल्या बाटल्या बघते, फाईल नंतर. मागच्या उन्हाळ्यात एका काकूंच्या पिशवीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची दुसरी बाटली निघाली, तीही अर्धी संपलेली. टिमोलॉलची, म्हणजे काचबिंदूच्या औषधाची, बाटली मात्र जवळजवळ भरलेली. काकूंचं म्हणणं सरळ होतं : "हे पांढरं घातलं की डोळा शांत वाटतो, ते दुसरं चुरचुरतं. म्हणून हेच चालू ठेवलं." लेसरच्या आधी त्यांच्या डोळ्यातलं प्रेशर १९ होतं (सर्वसाधारण १० ते २१), त्या दिवशी ३४ भरलं. डोळा मात्र अजिबात दुखत नव्हता.

ही चूक मी सतत बघते. स्टेरॉइडची बाटली चार-सहा दिवसांची असते, ती महिनाभर चालते. काचबिंदूची बाटली कायमची असते, ती "आता लेसर झाला ना" म्हणून बंद होते. नेमकं उलटं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच लिहिल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असेल तर डॉक्टरांचंच पाळा.

१. दवाखाना सोडण्याआधी : तुमचा लेसर कोणता, ते विचारून घ्या

"काचबिंदूचा लेसर" एकच नसतो आणि ड्रॉपचं गणित लेसरच्या प्रकारावर ठरतं.

पीआय किंवा इरिडॉटॉमी : डोळ्यातला निचऱ्याचा कोन अरुंद असेल तर बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात. पडद्याला इजा होते, थोडी सूज येते, म्हणून बहुतेक ठिकाणी स्टेरॉइड ड्रॉप दिवसातून चार वेळा, चार ते सात दिवस देतात.

एसएलटी : कोन उघडा असतो, पण निचऱ्याची जाळी नीट काम करत नाही, तेव्हा त्या जाळीवर हा लेसर करतात. यानंतर स्टेरॉइड द्यावं की नाही यावर डॉक्टरांत एकमत नाही. कोणी काहीच देत नाही, कोणी किटोरोलॅकसारखे सूज उतरवणारे पण स्टेरॉइड नसलेले ड्रॉप देतं, कोणी चार-पाच दिवस स्टेरॉइड देतं. अमेरिकेतल्या 'सॉल्ट' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. लेसरच्या दिवसापासून पाच दिवस प्रेडनिसोलोन किंवा किटोरोलॅक घातलेल्यांचं प्रेशर, नुसते कृत्रिम अश्रू घातलेल्यांपेक्षा, बारा आठवड्यांनी जास्त उतरलेलं आढळलं. तरीही प्रत्येक डोळ्याचा निर्णय वेगळा होतो. तुमच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड नसेल तर डॉक्टर लिहायला विसरले असं समजून दुकानातून आणू नका.

डायोड लेसर : प्रेशर इतर उपायांनी आटोक्यात येत नसेल तर डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या भागावर हा लेसर करतात. यानंतर सूज जास्त येते, म्हणून ड्रॉप काही आठवडे चालतात आणि हळूहळू कमी करत आणतात.

आता चिठ्ठी हातात घ्या. आरई म्हणजे उजवा डोळा, एलई म्हणजे डावा, बीई म्हणजे दोन्ही. क्यूआयडी म्हणजे दिवसातून चार वेळा, टीडीएस तीन वेळा, बीडी दोन वेळा, एचएस म्हणजे झोपताना. अक्षर लागत नसेल तर काउंटरवरच विचारा. घरी जाऊन अंदाज बांधू नका.

*दवाखान्याबाहेर पडण्याआधी तपासा :* स्टेरॉइडची बाटली कोणती? कोणत्या डोळ्यात? दिवसातून किती वेळा? कोणत्या तारखेला बंद? आधीपासून चालू असलेले काचबिंदूचे ड्रॉप चालू ठेवायचे का? या पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय निघू नका. चौथ्याचं उत्तर "पाच दिवस" असं नको, तारीख हवी. तारीख चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

आणि डॉक्टरांना हेही सांगा : घरात आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू आहे का, चष्म्याचा मोठा मायनस नंबर आहे का, मधुमेह आहे का, पूर्वी कधी स्टेरॉइडने प्रेशर वाढलं होतं का, दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, चेहऱ्यावर लावायचं स्टेरॉइडचं मलम किंवा गोळ्या चालू आहेत का. दम्याचा पंप मनानेच बंद करू नका, फक्त त्याची माहिती द्या.

२. घरी आल्यावर : बाटल्या वेगळ्या करा

टोपणाच्या रंगावर विसंबू नका. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की रंग बदलतो. मी रुग्णांना एक साधा उपाय सांगते : स्टेरॉइडच्या बाटलीला रबर बँड गुंडाळा, काचबिंदूच्या बाटलीला काहीच नको. चष्मा काढल्यावर, अंधुक उजेडातही बोटाला कळतं की रबर बँडची बाटली म्हणजे थोड्या दिवसांची.

बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून पेनाने दोन तारखा लिहा, उघडल्याची आणि बंद करण्याची.

नाव वाचा. स्टेरॉइडचे नेहमीचे ड्रॉप चार : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचं नाव मोठं असतं आणि स्टेरॉइडचं बारीक, म्हणून पूर्ण लेबल वाचा. दुकानदार "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणाला तर औषधाचं नाव आणि त्यापुढचा टक्केवारीचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघा.

बाटली उभी ठेवा, सावलीत, लेबलवर लिहिलेल्या तापमानात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत राहिली तर औषध खराब होऊ शकतं. फ्रीझरमध्ये तर कधीच ठेवू नका.

३. वेळापत्रक आखा

चार वेळा म्हणजे जागेपणीच्या तासांत चार वेळा. सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री १० या वेळा बहुतेकांना जमतात. डॉक्टरांनी खास सांगितलं नसेल तर रात्री गजर लावून उठायची गरज नाही.

दोन ड्रॉप एकाच वेळी आले तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, दहा गेली तर उत्तम. लागोपाठ घातले तर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो आणि पहिला वाया जातो. पाण्यासारखा ड्रॉप आधी, दुधाळ नंतर, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. म्हणजे सकाळी ७ वाजता टिमोलॉल, ७ वाजून १० मिनिटांनी प्रेडनिसोलोन.

एखादी वेळ चुकली तर आठवताच एक थेंब घाला. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन थेंब घालू नका.

> सावधान : लेसर झाला म्हणून काचबिंदूचे जुने ड्रॉप आपोआप बंद होत नाहीत. एसएलटीचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात जुने ड्रॉप सोडले तर डोळ्याला ना लेसरचा आधार, ना औषधाचा. बंद करायचे की नाही हे डॉक्टर प्रेशर मोजून ठरवतील.

४. थेंब सोडण्याची रीत

वर्षानुवर्षं ड्रॉप घालणाऱ्यांकडूनही मी इथे रोज चुका होताना बघते, म्हणून जरा सविस्तर.

साबणाने हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेसरनंतर लेन्स कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा. सुरू केल्यावरही ड्रॉपच्या आधी ती काढा आणि पुन्हा लावायला पंधरा मिनिटं थांबा. काजळ लावलं असेल तर पुसून टाका. डोळा बरा होईपर्यंत काजळ नकोच.

बाटली हलवा. प्रेडनिसोलोन अॅसिटेट, फ्लुओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल यांच्या बाटल्यांत औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं आणि बाटली उभी राहिली की तळाशी बसतं. बाटली उजेडासमोर धरली तर खाली पांढरट थर आणि वर नितळ पाणी दिसतं. न हलवता घातलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं पाणीच डोळ्यात जातं, आणि शेवटी तळाचं घट्ट औषध. मनात वीस मोजेपर्यंत जोरात हलवा.

बसून किंवा आडवे होऊन मान मागे करा, नजर छताकडे. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे एक छोटी पन्हाळ तयार होते. थेंब त्या पन्हाळीत पडू द्या, बुबुळावर नको. बुबुळावर पडला की झटका बसतो, डोळा गच्च मिटतो आणि औषध गालावर येतं. हात कापत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा.

बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू देऊ नका. लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब दूषित होतो.

थेंब एकच. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर औषध असतं आणि डोळ्यात एका वेळी जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं. दुसरा थेंब गालावरच जातो. पहिला डोळ्यात गेलाच नाही अशी खात्री असेल तरच दुसरा घाला.

मग डोळा हळूच मिटा. गच्च मिटू नका, पापण्या मिचकावू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर तर्जनी ठेवून दोन ते तीन मिनिटं हलकं दाबून धरा. अश्रू नाकात जाण्याची वाट तिथूनच असते. ती बंद ठेवली की औषध डोळ्यात टिकतं आणि घशात कडू चव येत नाही. टिमोलॉल घेणाऱ्यांनी ही दोन मिनिटं कधीच चुकवू नयेत, कारण ते औषध रक्तात गेलं तर नाडी मंदावू शकते आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. दमा असूनही टिमोलॉल लिहिलं असेल तर एकही थेंब घालण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

पापणी ओढणं जमतच नसेल तर आडवे व्हा, डोळा मिटा, नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब सोडा आणि मग हळूहळू डोळा उघडा. थेंब आपोआप आत जातो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना मी हीच रीत शिकवते.

*तपासा :* थेंब आत गेला की गार लागतो. गार नुसत्या गालाला लागलं, तर नेम चुकला.

५. पहिले दोन-तीन दिवस

थोडी लाली, बारीक खडा गेल्यासारखं वाटणं, धूसर दिसणं, उजेडाचा त्रास, भुवईच्या वर हलकी ठसठस हे होऊ शकतं आणि दिवसागणिक कमी होतं. पीआयनंतर काहींना दिव्याभोवती किंवा खालच्या बाजूला उजेडाची रेघ दिसते. पहिल्या तपासणीत ती आठवणीने सांगा.

आंघोळ, स्वयंपाक, वाचन, टीव्ही चालतं. लेसरच्या दिवशी गाडी चालवू नका. डोळा चोळू नका. गुलाबपाणी, मध किंवा घरचे कोणतेही थेंब डोळ्यात घालू नका.

> त्याच दिवशी दवाखाना गाठा : डोळ्यात किंवा डोक्यात जोरात दुखणं, मळमळ किंवा उलटी, दिव्याभोवती रंगीत वर्तुळं, एकदम धूसर दिसणं, लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पिवळट चिकट स्राव. प्रेशर अचानक चढल्यावर यातली बरीच लक्षणं दिसतात. रात्र असेल तरी सकाळची वाट बघू नका.

६. बंद करायची तारीख

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आधी बाटलीचा हिशेब. ५ मिलीच्या बाटलीत १०० ते १६० थेंब असतात. एका डोळ्यात दिवसातून चार वेळा पाच दिवस म्हणजे २० थेंब. कोर्स पूर्ण होतो तेव्हा बाटली जवळपास भरलेलीच असते. "बाटली संपेपर्यंत घातलं" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. अशाने पाच दिवसांचा कोर्स महिन्याचा होतो.

दुसरं कारण शेजारपाजारचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे ड्रॉप महिनाभर किंवा अधिक, हळूहळू कमी करत चालतात. घरात कोणाचा मोतीबिंदू झालेला असतो, ते म्हणतात, "आम्हाला तर सहा आठवडे सांगितले होते, तू पाच दिवसांत कसं बंद करतोस?" मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी वाटतात, पण आजार वेगळे आणि वेळापत्रकंही वेगळी.

आता हे एवढं महत्त्वाचं का? डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कोनातल्या जाळीतून त्याचा निचरा होतो. मोरीच्या तोंडाशी जाळी असते तशीच ही. स्टेरॉइडने सूज उतरते, पण ते जास्त दिवस चालू राहिलं तर काही लोकांत ही जाळी तुंबते. पाणी तेवढंच तयार होतं, निचरा कमी होतो, प्रेशर चढतं. ज्यासाठी लेसर केला तेच बिघडतं. सर्वसाधारण लोकांत सुमारे तिघांतल्या एकाचं प्रेशर स्टेरॉइडने थोडंफार वाढतं आणि शंभरात चार ते सहा जणांचं खूपच. आधीच काचबिंदू असलेल्यांत हे प्रमाण पुष्कळ जास्त. बहुतेकांत ते दोन आठवड्यांनंतर दिसतं, काहींत त्याआधीही. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोनने जास्त वाढतं, फ्लुओरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉलने कमी. पण वाढणारच नाही असं कोणत्याच ड्रॉपबद्दल म्हणता येत नाही.

हळूहळू चढलेलं प्रेशर दुखत नाही. डोळा पांढराशुभ्र असतो, नजर ठीक वाटते आणि आतली दृष्टीची नस सुकत जाते. सुकलेली नस परत येत नाही. म्हणूनच "बरं वाटतंय म्हणून चालू ठेवलं" हे मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं.

उलट चूकही होते. डायोड लेसरनंतर डॉक्टरांनी आठवड्याला एक थेंब कमी करत यायला सांगितलं असेल, तर मध्येच एकदम बंद केल्यास सूज उलटून येऊ शकते. चार-पाच दिवसांच्या छोट्या कोर्सला मात्र सहसा असं कमी करत आणावं लागत नाही.

*ठरलेल्या तारखेला रात्री हे करा :* शेवटचा थेंब घाला आणि रबर बँडची बाटली ड्रॉपच्या जागेवरून उचला. डोळा अजून लाल किंवा दुखरा वाटत असेल तर स्वतःहून दिवस वाढवू नका, दवाखान्यात फोन करून विचारा.

७. प्रेशरच्या तपासण्या

लेसरनंतर एक ते तीन तासांत एकदा प्रेशर मोजतात, कारण लेसरमुळेच ते काही काळ चढू शकतं. ते चढू नये म्हणून ब्रिमोनिडीन किंवा अॅप्राक्लोनिडीनचा थेंबही घालतात. "लेसर झाला, चला घरी" म्हणून ही तपासणी सोडून निघू नका. नंतर साधारण आठवड्याने, आणि एसएलटीत पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात.

प्रत्येक वेळी आकडा विचारा आणि वहीत तारखेसह लिहा. १० ते २१ हा सर्वसाधारण पल्ला आहे, पण काचबिंदूत तुमच्यासाठी योग्य आकडा डॉक्टर ठरवतात आणि तो बऱ्याचदा यातल्या वरच्या टोकापेक्षा बराच खाली असतो. तपासणीला जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. "पांढरी बाटली, निळं झाकण" एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही.

स्टेरॉइड ठरल्यापेक्षा जास्त दिवस घातलं गेलं असेल तर ते सांगून टाका. कोणी रागावणार नाही. ते कळलं नाही तर वाढलेलं प्रेशर बघून डॉक्टरांना लेसर फसला असं वाटू शकतं आणि पुढचा उपचार चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. स्टेरॉइड थांबवल्यावर प्रेशर बहुतेकांत काही आठवड्यांत उतरतं. वर सांगितलेल्या काकूंचंही उतरलं, पण त्यासाठी त्यांना दोन जास्तीचे ड्रॉप आणि तीन फेऱ्या कराव्या लागल्या.

८. उरलेली बाटली

टाकून द्या. पैसे दिलेली, जवळजवळ भरलेली बाटली टाकवत नाही हे मला समजतं. पण कपाटात राहिलेली स्टेरॉइडची बाटली पुढे कोणाच्या ना कोणाच्या लाल डोळ्यात जाते. नातवाचे डोळे खाजतात म्हणून घातली जाते, आणि मुलांचं प्रेशर स्टेरॉइडने मोठ्यांपेक्षा लवकर चढू शकतं. शेतात उसाचं पान डोळ्याला लागलं म्हणून घातली जाते, आणि तिथे बुरशीचा जंतू असेल तर स्टेरॉइडने जखम पसरते, बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहतो. नागिणीसारख्या विषाणूच्या संसर्गातही तेच. शिवाय उघडल्यावर चार आठवडे उलटले की बाटलीतलं औषध वापरण्याजोगं राहत नाही.

काचबिंदूच्या बाटलीवरचीही उघडल्याची तारीख बघा. ती बाटली संपत आली की आठवडाभर आधी नवीन आणून ठेवा, एक दिवसही खंड नको.

तुमचं प्रेशर स्टेरॉइडने वाढलं होतं असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : "स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं." उद्या त्वचेच्या, दम्याच्या किंवा सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तर हीच ओळ त्यांना दाखवा. सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही सांगा, त्यांच्यातही ही प्रवृत्ती असू शकते.